श्रद्धेचं प्रमाण वजन

२ फेब्रुवारी

आज नव्या खात्यात रुजू झालो. नवं म्हणजे इमारत तीच, टेबल तेच, दोनच पात्यांवर फिरणारा पंखाही तोच. फक्त बाहेरची पाटी बदलली. एकतीस वर्षं मी वजनमापांचा निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे. आता काटे कारखान्यातूनच सीलबंद येतात, म्हणून आमचं खातं गुंडाळलं आणि उरलेल्या निरीक्षकांना जिथे जागा रिकामी होती तिथे बसवलं. माझ्या वाट्याला आलं ‘श्रद्धा पडताळणी कार्यालय’.

काम सोपं आहे. ज्याला धर्म बदलायचा असेल त्याने इथे अर्ज करायचा. साठ दिवस त्याची सूचना फलकावर लावायची. कोणाला आक्षेप असेल तर त्याने घ्यायचा. मग मी तपासायचं, की माणूस भीतीपोटी, आमिषाने की कोणाच्या सांगण्यावरून धर्म बदलतोय. यातलं काहीच नसेल तर दाखला द्यायचा. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून धर्मांना नावं न देता क्रमांक दिले आहेत, एक ते अकरा. अकरा म्हणजे इतर. मी चार नंबर. गावातले बहुतेक सगळे चार नंबरच.

तपासणीचं कुठलंही उपकरण मात्र पुरवलेलं नाही.

ही वही बायकोच्या सांगण्यावरून सुरू केली. ती म्हणाली, “कचेरीच्या गोष्टी मला सांगण्यापेक्षा वहीला सांगा. ती मध्येच झोपत नाही.”

५ फेब्रुवारी

तीन दिवसांत एकही अर्ज नाही. टायपिस्ट बाई म्हणाल्या, “कोण येणार साहेब? गावभर फलक लागणार म्हटल्यावर माणूस धर्म काय, केसांचा भांगसुद्धा बदलणार नाही.” बाई कामाला चोख आहेत, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

वेळ मिळाला म्हणून रजिस्टरला अठरा रकाने आखले. जुन्या रजिस्टरला चौदाच होते.

९ फेब्रुवारी

पहिला अर्ज आला, तोही ओळखीच्या माणसाचा. आमचे काटेवाले! गावातला तराजू दुरुस्त करणारा एकमेव कारागीर. वीस वर्षं त्यांनी दुरुस्त केलेले काटे माझ्याकडे शिक्क्यासाठी यायचे. एकही परत पाठवावा लागला नाही. फार बारीक झालेत. शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता.

“चारमधून सातमध्ये जायचंय,” ते म्हणाले.

मी विचारलं, कारण? त्यांनी सांगितलं की त्यांच्या कारखान्याची भिंत आणि सात नंबरवाल्यांच्या प्रार्थनेच्या खोलीची भिंत एकच आहे. सात नंबरवाले प्रार्थना करताना काही म्हणत नाहीत, वाजवत नाहीत. तासभर नुसते गप्प बसतात. “सोनाराचा नाजूक काटा लावायचा तर पायाखालची फरशीसुद्धा हलून चालत नाही. रस्त्यावरच्या गाड्या, शेजारची गिरणी, दिवसभर दांडी थरथरतच असते. पण त्यांच्या त्या तासाला थांबते. खरं तर गाड्या तेवढ्याच असतात, निरीक्षकसाहेब. मग लक्षात आलं, माझाच हात तेव्हा थरथरत नाही. म्हणून एक दिवस पलीकडे जाऊन बसलो. आता सहा वर्षं झाली.”

“आणि अर्ज आत्ता?”

“डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने. मेल्यावर त्यांच्यातच जायचंय मला. सगळ्यांनी तासभर गप्प बसावं आणि मग मातीत ठेवावं, बस. पण तुमच्या दाखल्याशिवाय त्यांनी माझ्या देहाला हात लावला तर त्यांना तुरुंग. आणि दाखला नसला तर थोरले नेणार, कर्णे लावून.”

थोरले म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. चार नंबरच्या मंडळाचे खजिनदार.

मी त्यांना दहा एप्रिलला यायला सांगितलं. साठ दिवस तेव्हा भरतात.

“तोवर मी असेन का?”

मी त्यांना नियम दाखवला. नियमात तसा प्रश्नच नाही. माणूस भला आहे, पण पहिल्यापासून शेवटच्या घटकेला येण्याची खोड. शिक्क्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशीच काटे घेऊन यायचा.

१४ फेब्रुवारी

सूचना लावून पाच दिवस झाले, आक्षेप एक्केचाळीस. मी सगळे वाचले. अडतीस जणांनी काटेवाल्यांना कधी पाहिलेलंही नाही. त्यांतल्या एकाने लिहिलंय, “हे कोण गृहस्थ ते माहीत नाही, पण त्यांनी असं करू नये.” एकाने दुसऱ्याच गावातल्या माणसावर आक्षेप घेतलाय, कारण त्या गावात कार्यालय नाही. एकाचा आक्षेप सूचना वाकडी चिकटवल्याबद्दल होता. तो ग्राह्य धरला आणि सूचना सरळ केली.

एक्केचाळिसावा थोरल्यांचा. एकच ओळ आहे: “तो माझा भाऊ आहे.” याला आक्षेप म्हणावा की माहिती, हे ठरवता आलं नाही. दोन्ही रकान्यांत नोंदवला.

१९ फेब्रुवारी

काटेवाल्यांची तपासणी पूर्ण. हवामानाने धातू कमीजास्त होतो म्हणून चांगला निरीक्षक काटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तपासतो. माणसालाही तोच न्याय लावला. तीन वेळा बोलावलं, तेच प्रश्न विचारले.

भीती? कोणाचीच नाही. आमिष? उलट चार नंबरच्या दुकानदारांनी त्यांना काम देणं बंद केलंय. कोणी गळ घातली? सात नंबरवाल्यांनी तर कायद्याच्या भीतीने त्यांना तीनदा दारातून परत पाठवलं. शेवटी ते दाराबाहेर पायरीवर बसायला लागले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी सतरंजीचं टोक बाहेर सरकवलं. “याला आमिष म्हणायचं का?” मी विचारलं. काटेवाले म्हणाले, “टोकच होतं साहेब.”

तिन्ही वेळा उत्तरं तंतोतंत तीच. फक्त संध्याकाळी त्यांना जिना चढायला पाऊण तास लागला.

२४ फेब्रुवारी

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि घामच फुटला. आपण काय करून बसलो होतो! काटा तपासायचा तर आधी प्रमाण वजन लागतं. ज्याच्याविषयी शंका नाही असं पितळी वजन मखमलीच्या पेटीत ठेवलेलं असतं, त्याच्याशी ताडून बाकीची खरीखोटी ठरतात. इथे मी माणसाची श्रद्धा तपासली, पण ताडली कशाशी? कशाशीच नाही. ही तर नुसती अंदाजपंचे तपासणी झाली.

वरच्या साहेबांना पत्र लिहिलं: “ज्याची श्रद्धा संपूर्णपणे स्वेच्छेची आहे असा एक प्रमाण मनुष्य या कार्यालयास पुरवण्यात यावा.”

टायपिस्ट बाईंनी टाइप करताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. “पत्र पाठवू ना नक्की?” म्हणाल्या. म्हटलं, पाठवा.

३ मार्च

साहेबांचं उत्तर आलं. “प्रमाण मनुष्य स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावा.”

मी घरापासून सुरुवात केली. बायको रोज पहाटे प्रार्थना करते, तीस वर्षांत एक दिवस चुकली नाही. चहा पिताना विचारलं, “प्रार्थना का करतेस? भीती, आमिष की कोणी सांगितलं म्हणून?”

ती म्हणाली, “तुमच्याबरोबर संसार करायचा तर कोणाशी तरी बोलायला नको?”

ही सक्ती धरावी लागते. बाद.

६ मार्च

चार नंबरच्या धर्मप्रमुखांना विनंती केली. ते आनंदाने आले, सोबत दोन शिष्य आणि स्वतःची खुर्ची. म्हणाले, “माझ्याहून प्रमाण कोण मिळणार तुम्हाला!”

मी प्रश्न सुरू केले. प्रार्थना कोणी शिकवल्या? वडिलांनी. कशा शिकवल्या? ते हसून म्हणाले, “वेताच्या छडीने. चुकलो की पाठीवर वळ. आज त्यांचेच उपकार आहेत.”

मी लिहिलं: भीती, होय.

“आणि पाठ झाल्या की आई गूळ द्यायची,” ते म्हणाले. मी लिहिलं: आमिष, होय.

“काय लिहिताय?” ते खुर्चीत पुढे सरकले. मी शेवटचा प्रश्न विचारला: धर्माप्रमाणे वागल्याने काही लाभ होतो, असं आपल्याला सांगितलं गेलंय का? त्यांनी सविस्तर सांगितलं. मेल्यानंतर कुठे जायला मिळतं, तिथली हवा कशी, पाणी कसं, मुक्काम किती. मी कायदा काढून दाखवला. ‘या किंवा अन्य लोकात मिळणारा कोणताही लाभ’ आमिषातच मोडतो.

“म्हणजे मी चार नंबर नाही?”

“आहात. पण स्वेच्छेने नाही.”

ते उठले तेव्हा शिष्यांनी खुर्ची उचलायच्या आतच निघाले. खुर्ची इथेच राहिली आहे. बसायला बरी आहे.

९ मार्च

गेल्या तीन दिवसांत अकरा जण तपासले. डॉक्टर, मुख्याध्यापक, एक नंबरची एक वृद्ध विधवा, नऊ नंबरचे दोन सख्खे भाऊ. सगळे बाद. आई-बापाने सांगितलं, शेजारी काय म्हणतील, परीक्षेत पास व्हायचं होतं, मुलीचं लग्न जमत नव्हतं. एकजण म्हणाला, “मी कुठल्याच धर्माचा नाही.” का? तर वडील फार धार्मिक होते. तोही बाद.

मग आरशासमोर बसून स्वतःला तपासलं. मी चार नंबर का? आठवेना. अर्जात तसं भरलं होतं म्हणून. शाळेच्या अर्जात वडिलांनी, नोकरीच्या अर्जात मी, शाळेचा दाखला बघून. बाद. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं, पोट बिघडलं.

१५ मार्च

सापडला! इतके दिवस काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता.

प्रमाण मनुष्य म्हणजे काटेवालेच. तिन्ही कसोट्यांना पूर्ण उतरलेला, तीन वेळा तपासलेला, शंभर टक्के स्वेच्छेचा या गावातला एकमेव माणूस. वीस वर्षं ज्याचा काटा मी बघत आलो, तो स्वतःच वजन निघाला. आनंदाच्या भरात मी लगेच वरच्या साहेबांना अहवाल पाठवला.

संध्याकाळी त्यांना सांगायला गेलो. आता ते बिछान्यावरच असतात, कारखान्याच्या मागच्या खोलीत. ऐकून इतके हसले की खोकल्याची उबळ आली, पाणी द्यावं लागलं.

“मग दाखला द्या ना, साहेब.”

मी म्हटलं, दाखल्याचं दहा एप्रिललाच. पण मान केवढा मोठा!

“वजनाला मानाचं काय,” ते म्हणाले. “त्याला पेटीत ठेवतात.”

२२ मार्च

साहेबांचं अभिनंदनाचं पत्र आलं. सगळ्या राज्यात प्रमाण मनुष्य शोधणारं आमचंच पहिलं कार्यालय. सोबत आदेश आहेत:

“प्रमाण मनुष्य ही शासकीय मालमत्ता समजण्यात यावी. प्रमाण ज्या स्थितीत आढळले त्याच स्थितीत राहिले पाहिजे. सबब सदर मनुष्य क्रमांक चारमध्येच कायम ठेवावा. त्याचा धर्मबदलाचा अर्ज तहकूब.”

तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आदेश आहे. प्रमाण वजनाला कानस लावत नाहीत. ज्याच्याशी सगळं ताडायचं तेच बदललं तर काम चालणार कसं? मी पत्र फाईलला लावलं.

टायपिस्ट बाईंनी नक्कल वाचली आणि मशीनवरचे हात काढून घेतले. “साहेब, तुम्ही काय करून ठेवलंत ते कळतंय का तुम्हाला?”

पंखा सकाळपासून बंद आहे. उकाड्याने बाईंचं डोकं तापलं असावं.

२३ मार्च

पंखा दुरुस्त झाला. बाई अजून बोलत नाहीत.

२८ मार्च

आदेशाची प्रत काटेवाल्यांना प्रत्यक्ष द्यावी लागते, म्हणून गेलो. पोचपावतीवर त्यांची सही लागते. त्यांना पेन धरवेना. मी म्हटलं, घाई नाही, बसतो.

टेबलावर सोनाराचा काटा होता, शेवटचं काम. चिमूटभर मीठ टाकलं तर झुकेल असा. दांडी सारखी थरथरत होती. मग पलीकडे सात नंबरवाल्यांचा तास सुरू झाला. आवाज काहीच नाही. पण कळतं, पलीकडे माणसं आहेत आणि ती गप्प आहेत. काटेवाल्यांनी डोळे मिटले. रस्त्यावर गाड्या होत्याच, गिरणीही होती. मी काट्याकडे बघत बसलो. थांबला की नाही ते खात्रीने लिहू शकत नाही, कारण काही वेळाने मी बघायचं विसरलो. असं माझं कधी होत नाही.

तास संपल्यावर ते म्हणाले, “वीस वर्षं माझ्या काट्यांवर शिक्का मारलात. एक तरी खोटा निघाला?”

“नाही.”

“मग माझ्याच बाबतीत तुम्हाला वरून विचारून का घ्यावं लागलं?”

पोचपावती कोरीच घेऊन परत आलो. रस्त्यात एकदम लक्षात आलं, की हा माणूस दहा एप्रिलपर्यंतचे बारा-तेरा दिवस काढणार नाही आणि मी त्याला मान मिळाल्याचं सांगायला गेलो होतो. मला माझीच लाज वाटली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “एवढं कळायला दीड महिना लागला?”

३० मार्च

साहेबांना तार केली: “प्रमाण मनुष्य चुकीने घोषित. रद्द करावे. अर्ज पूर्ववत करावा.”

उत्तर: “प्रमाण चुकीचे असूच शकत नाही. चुकीचे असल्यास प्रमाण कसे?”

यातलं तर्कशास्त्र माझंच आहे. म्हणूनच त्यात कुठे फट सापडत नाही.

१ एप्रिल

सात नंबरवाल्यांपैकी एक म्हातारे कार्यालयात आले आणि बाकावर बसून राहिले. अर्ज नाही, तक्रार नाही. दुपारी मीच विचारलं, काय काम आहे? म्हणाले, “काही नाही. तो आता बोलत नाही. तुम्हाला कळावं, एवढंच.” मी त्यांना धर्मप्रमुखांच्या खुर्चीवर बसवलं.

४ एप्रिल

काटेवाले आज पहाटे गेले. सहा दिवस कमी पडले.

सकाळी दहाला सरकारी दवाखान्यातून निरोप आला, “मृतदेहाच्या ताब्यावरून वाद आहे. रजिस्टर घेऊन या.” टायपिस्ट बाई न सांगताच बरोबर आल्या.

शवागाराच्या खिडकीशी थोरले उभे होते. बाहेर टेम्पोवर चार कर्णे. फाटकापलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, सात नंबरवाले पाच जण. आत यायची त्यांची छाती नव्हती. खिडकीतला कारकून म्हणाला, “ताबा फक्त मयताच्या धर्माच्या माणसाला. मयत कितवा?”

मला खोटं बोलता येत नाही. “नोंदीप्रमाणे चार,” मी म्हटलं. थोरल्यांनी फॉर्म ओढला.

आणि तेव्हा, तेव्हाच, एकतीस वर्षांच्या नोकरीने मला वाचवलं. मी म्हणालो, “थांबा. मयत हा प्रमाण मनुष्य आहे, शासकीय मालमत्ता. न तपासलेल्या माणसाच्या ताब्यात प्रमाण देता येत नाही. तुमची पडताळणी झालीय का?”

“कसली पडताळणी? आम्ही जन्मापासून चार नंबर!”

“जन्म स्वेच्छेने घेतलेला नाही,” मी म्हटलं. “प्रार्थना कोणी शिकवल्या?”

“बाबांनी. आम्हा दोघांना.”

“मारून?”

थोरल्यांनी फॉर्म खाली ठेवला. मग म्हणाले, “मलाच मारायचे. हा लहान होता. तो चुकला तरी मीच पुढे व्हायचो.” आणि एवढा मोठा, मिशीवाला खजिनदार खिडकीच्या कठड्याला धरून रडायला लागला. मला फार वाईट वाटलं. पण मी लिहिलं: भीती, होय. बाद.

मग टेम्पोतल्या सगळ्यांना विचारलं. सगळे बाद. रजिस्टरप्रमाणे गावात सिद्ध चार नंबर एकच होता आणि तो आत होता.

कारकून वैतागला. “मग देऊ कोणाला? बाराला मी बेवारस नोंदवतो. पालिकेची गाडी येईल.”

“सात नंबरवाल्यांना द्या,” टायपिस्ट बाई म्हणाल्या.

“त्यांच्यापैकी कोणी सही करील?”

रस्त्यापलीकडे पाचही जण जमिनीकडे बघत होते. सही केली तर चार नंबरचा देह नेल्याचा गुन्हा, सरळ तुरुंग. त्यांतल्या दोघांच्या हातात काठ्या होत्या, आधाराच्या. बाराला सात मिनिटं होती.

मी फॉर्म घेतला. ताबा घेणाऱ्याचं नाव: माझं. मयताशी संबंध: वीस वर्षं. धर्म क्रमांक: सात. सही केली. मयताच्या रकान्यातला चार मी खोडला आणि सात लिहून बाजूला शिक्का मारला, आजच्याच तारखेचा. खोडाखोड करायची माझ्या उभ्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

“तुम्ही सात नंबर आहात?” कारकुनाने विचारलं.

“पडताळणी अधिकारी मीच आहे,” मी म्हटलं. त्याला ते पुरलं.

देह बाहेर आला तेव्हा थोरले माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता हा मारणार. ते म्हणाले, “मी आलो तर चालेल का? चार नंबर म्हणूनच येईन.” मी म्हटलं, नियमात मनाई नाही. त्यांनी स्वतः जाऊन कर्ण्यांच्या तारा काढल्या.

तासभर सगळे गप्प बसलो. थोरले भावाच्या पायांशी होते. मी मागे बसलो, हातांचं काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मांडीवर ठेवले. नंतर मातीत ठेवलं.

६ एप्रिल

निलंबित. माझ्या जागी भूमापन खात्यातला एक जण आलाय. त्याने सगळ्यात आधी माझ्या टेबलाची लांबी मोजली. मग माझी चौकशी.

“धर्म बदलायला कोणाची भीती होती?” नाही. “आमिष?” नाही. “कोणी गळ घातली?” कोणीच नाही.

“मग तुम्ही तिन्ही कसोट्यांना उतरता,” तो म्हणाला, जरा हिरमुसून. “पेच आहे. तुम्ही खरोखर सात नंबर झाला असाल, तर सूचना न देता झालात. सहा महिने. आणि झाला नसाल, तर शासकीय फॉर्मवर खोटं लिहिलंत. सहा महिने. यातलं कुठलं ते तुम्हीच सांगायचं. कायदा कोणावर सक्ती करत नाही.”

त्याने मला एक फॉर्म दिला. उद्या अकरापर्यंत भरून द्यायचाय.

बायकोला दाखवला. तिने वाचून खाली ठेवला. म्हणाली, “सहा महिने डबा पोहोचवीन मी. पण तुम्ही खरं काय ते लिहा, नाहीतर घरी येऊन कुढत बसाल.” खरं काय, तेच तर मला ठाऊक नाही. तो तास बरा गेला, एवढं ठाऊक आहे. त्यावरून मी सात ठरतो का? की चारच आहे आणि एका माणसाची लाज राखली? की दोन्ही? मी खूप प्रयत्न केला. मग मला वाटलं, ठरेल तेव्हा ठरेल, कधी ठरणारही नाही. पण ते उद्या अकराला का ठरावं, आणि भूमापनवाल्याला का सांगावं? एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, आणि मी एका मरणाऱ्या माणसाला तेच तीन-तीनदा विचारत होतो.

७ एप्रिल

पावणेअकराला फॉर्म दिला. नाव, वय, हुद्दा, पत्ता, सगळं नेटक्या अक्षरात भरलं होतं.

टायपिस्ट बाईंनी नेहमीप्रमाणे वरून खालपर्यंत तपासला. मध्ये थांबल्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “साहेब, धर्माचा रकाना राहिलाय.”

“राहिला नाही, बाई,” मी म्हटलं. “सोडलाय.”